दोन्ही प्लॅस्टिकच, पण एकातून पत्र बाहेर येतं

व्हर्जिनिया, जॉर्जिया, कॅरोलायना. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जुन्या घराण्याची ट्रंक उघडली की चार पिढ्यांची पत्रं, मळ्याच्या हिशेबवह्या, जमिनीचे कागद निघतात. मग घरातलं कोणीतरी हमखास म्हणतं, "लॅमिनेट करून टाकू. दप्तरखान्यातही प्लॅस्टिकमध्येच ठेवतात की!" ठेवतात, पण ते लॅमिनेशन नसतं. त्याला एन्कॅप्सुलेशन म्हणतात, आणि हे शंभरदा सांगून माझा घसा बसलाय.

लॅमिनेशन काय ते सांगायला नको. झेरॉक्सच्या दुकानात आपण सगळ्यांनीच काही ना काही करून घेतलंय. पारदर्शकपणा, चकाकी, हाताळायची सोय दोन्हीत सारखीच. बघायचं ते एवढंच, की प्लॅस्टिक कशाला चिकटलंय. लॅमिनेशनमध्ये ते उष्णतेनं आणि दाबानं थेट कागदाला चिकटतं, तंतूंत मुरतं. एन्कॅप्सुलेशनमध्ये पॉलिएस्टरचे दोन ताव एकमेकांना चिकटतात, तेही फक्त कडेनं, कागदाच्या बाहेर. पत्र मध्ये सुटं पडून असतं. कड कापली की जसं आत गेलं तसं बाहेर.

लॅमिनेशनचा मोह तज्ज्ञांनाही आवरला नव्हता. व्हर्जिनियाच्या विल्यम बॅरो यांनी १९३०च्या दशकात सेल्युलोज ॲसिटेटचं लॅमिनेशन रूढ केलं, आणि पुढे कित्येक दप्तरखान्यांनी हजारो कागद त्यातून काढले. कागदाला आतलं आम्लच खातं, म्हणून आधी ते काढा, हा बॅरो यांचा आग्रह मोलाचा होता. पण ॲसिटेटही म्हातारं होतं: पिवळं पडतं, त्यातून आम्ल सुटतं, व्हिनेगरसारखा वास येतो. मग संवर्धक एकेक पान ॲसिटोनमध्ये बुडवून ते सोडवत बसतात, शाई टिकेल ना ही धाकधूक घेऊन. दुकानातलं आजचं लॅमिनेशन तर ॲसिटेटचंही नसतं. ते सोडवणं आणखी कठीण. पाकिटावर ‘आर्काइव्हल’, म्हणजे दप्तरखान्यात जपण्याजोगं, असं छापलेलं दिसलं की माझं डोकंच फिरतं.

हिशेबवहीचं पान गेलं तर फक्त त्या घराण्याचं नुकसान होत नाही. १८५० आणि १८६०च्या जनगणनेत गुलामांची नोंद मालकाच्या नावाखाली झाली: वय, लिंग, वर्ण. नावं जवळपास नाहीतच. मुक्त झालेल्या सगळ्यांची नावं पहिल्यांदा आली ती १८७०मध्ये. त्याआधीच्या पणजीचं नाव शोधणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबाला अनेकदा मालकाची वहीच धुंडाळावी लागते.

एन्कॅप्सुलेशन म्हणजे औषध नव्हे, हेही ऐकून ठेवा. आम्ल न काढता कागद बंद केला तर तो आत आणखी लवकर झिजतो. कोळशाची किंवा रंगखडूची चित्रं तर त्यात घालूच नयेत. पॉलिएस्टरची स्थिर वीज भुकटी ओढून घेते. माझं विचाराल तर, ट्रंकेतल्या बहुतेक कागदांना दोन्हीची गरज नाही. टाचण्या काढा, घड्या हलक्या हातानं उलगडा, आम्लरहित फोल्डरमध्ये ठेवा, आणि ती ट्रंक माळ्यावरून खाली आणा.

आणखी एक गंमत. १८४०चं पत्र चिंध्यांच्या लगद्यापासून केलेल्या कागदावर असतं आणि बहुधा ठणठणीत असतं; तुकडे पडतात ते १९२०च्या सुमाराच्या, लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदाचे. लॅमिनेशनला मात्र लोक आधी १८४०चंच घेऊन जातात.