नवजात बाळाची झोपण्याची जागा (कोकण)

कोकणात नवजात बाळाला कोठे निजवावे, हे प्रथम घराच्या बांधणीने आणि मग घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या शब्दाने ठरत आले आहे. जांभ्या दगडाच्या कौलारू घरात बाळंतिणीची खोली माजघराला लागून, बहुधा एखाद्याच लहान खिडकीची असे. वारा लागू नये आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर पडू नये, हा त्यामागचा हेतू. सोयर फिटेपर्यंत बाळंतीण तेथेच बाजेवर असे आणि बाळ तिच्या कुशीत. बाळाला एकटे ठेवायचे नाही, हा दंडक कसोशीने पाळला जाई. पाचवीच्या रात्री सटवाई बाळाचे नशीब लिहिते, या समजुतीने दिवा तेवत ठेवून जागरण करतात. पाळणा येतो तो बारशाला, ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत बाळाला त्यात घातले जाते तेव्हा.

या व्यवस्थेत हवामानाचा वाटा मोठा आहे. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि आषाढात सारवलेल्या जमिनीची ओल गोधडीतून वर येते. मण्यार रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. कौलांच्या सांदीतून विंचू पडतो. लाल विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रुळवला, तरी लहान मुलांना तो दंश आजही अधिक घातक असतो. त्यामुळे उंच बाज आणि अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी यांचे महत्त्व केवळ डासांपुरते नाही.

शेगडीबाबत मात्र परंपरेची बाजू लंगडी पडते. निखाऱ्यांवर पालथ्या घातलेल्या टोपलीवर दुपटी वाळवणे, ओवा-वावडिंगाची धुरी देणे आणि त्याच बंद खोलीत बाळाला झोपवणे, हा पावसाळ्यातला नित्यक्रम असे. धूर बाळाच्या श्वसनाला बाधतो, आणि कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला तर वासही नसतो. दुपटी दुसऱ्या खोलीत वाळवावीत, हे उत्तम.

अमेरिकन बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या 2022 च्या शिफारशींनुसार बाळाला प्रत्येक वेळी उताणे, सपाट व घट्ट अंथरुणावर निजवावे, जवळ उशी किंवा सैल पांघरूण ठेवू नये, आणि निदान पहिले सहा महिने ते आईवडिलांच्या खोलीत, पण वेगळ्या अंथरुणावर असावे. आईजवळ राहण्याबाबत जुनी रीत आणि हा सल्ला जुळतात. खटका उडतो तो कुशीत निजवण्यावरून आणि डोके गोल व्हावे म्हणून दिल्या जाणाऱ्या मोहरीच्या उशीवरून. घरात विडी-सिगारेट किंवा दारू असेल, बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल किंवा गादी मऊ असेल, तर एका अंथरुणावर झोपण्याचा धोका बराच वाढतो. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची ‘कांगारू’ पद्धत सुचवली जाते. मात्र तेव्हा आईला झोपायचे असेल, तर तिने सपाट न पडता मागे रेलून झोपावे लागते. दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर 42 दिवसांत आशा सेविका सहा वेळा घरी येते, आणि आजीशी तिची बोलणी प्रायः याच विषयांवर होतात.

साडीची झोळी अजून सर्रास दिसते. तिच्यात बाळाची हनुवटी छातीला टेकून श्वास कोंडू शकतो, म्हणून रात्रभराच्या झोपेसाठी ती योग्य नाही. दिवसा कुणी समोर बसून असले, तरी बाळ झोपी गेल्यावर त्याला सपाट अंथरुणावर ठेवणे बरे. स्लॅबच्या नव्या घरांत झोळी टांगायला तुळई नसते, म्हणून तेथे लोखंडी स्टँडचा पाळणा आला आहे.