बडोद्यातून महिला हौशी गोल्फ स्पर्धेसाठी अर्ज : पात्रता आणि कागदपत्रे

राष्ट्रीय पातळीवरील महिला हौशी गोल्फ स्पर्धेचा प्रवेशअर्ज भरायला अर्धा तास पुरतो. पण त्या अर्जात हँडिकॅपचा, म्हणजे खेळाडूची पातळी दाखवणारा (जितका कमी तितका खेळ चांगला), जो एक आकडा लिहावा लागतो, तो मिळवण्यासाठी आधी मैदानावर बराच काळ घालवावा लागतो. त्यामुळे लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातील मैदानावर किंवा शहराच्या आसपास अन्यत्र खेळणाऱ्या महिलांनी स्पर्धेची सूचना निघेपर्यंत थांबू नये.

पात्रतेचा पहिला निकष हौशी दर्जाचा आहे. याबाबतचे सुधारित नियम १ जानेवारी २०२२ पासून जगभर लागू झाले असून त्यांनुसार व्यावसायिक म्हणून स्पर्धेत उतरणे, काही मोजके अपवाद वगळता मानधन घेऊन गोल्फ शिकवणे किंवा ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त बक्षीस स्वीकारणे, यांपैकी काहीही केल्यास हा दर्जा जातो. बक्षिसाची मर्यादा १,००० अमेरिकी डॉलर एवढी आहे आणि रोख रक्कम केवळ हँडिकॅपविरहित, म्हणजे स्क्रॅच स्पर्धेतच घेता येते. प्रायोजकाकडून मिळणाऱ्या मदतीला मात्र आता आडकाठी राहिलेली नाही. जुने नियम ऐकून आलेल्या पालकांना हे सहसा ठाऊक नसते. गमावलेला दर्जा परत मिळवायचा असल्यास १९५५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय गोल्फ संघाकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

दुसरा निकष हँडिकॅपचा असून खरी दमछाक येथेच होते. २०२० मध्ये सुरू झालेल्या वर्ल्ड हँडिकॅप सिस्टीमनुसार पहिला हँडिकॅप इंडेक्स, म्हणजे हँडिकॅपचा अधिकृत आकडा, मिळण्यासाठी किमान ५४ होल्सची (चेंडू घालायच्या खळग्यांची) कार्डे, म्हणजे प्रत्येक होलला लागलेले स्ट्रोक (फटके) नोंदवलेली गुणपत्रके, जमा करावी लागतात. ती १८ होल्सच्या तीन फेऱ्यांची असोत वा ९ होल्सच्या फेऱ्या जोडून केलेली असोत, प्रत्येक कार्डाची मार्करने, म्हणजे खेळाडूचे गुण नोंदवणाऱ्या व्यक्तीने, खातरजमा केलेली असली पाहिजे. सुरुवातीला तीनच कार्डे असतील, तर त्यांतील सर्वांत कमी डिफरन्शिअलमधून (मैदानाची काठिण्यपातळी धरून काढलेल्या फेरीच्या आकड्यातून) २ वजा केले जातात. पुढे २० कार्डे झाली की त्यांतील सर्वोत्तम ८ डिफरन्शिअलची सरासरी धरतात. कमाल इंडेक्स ५४ आहे, परंतु तेवढ्या इंडेक्सवर मोठ्या स्पर्धेचे दार उघडेल अशी आशा धरू नये. ब्रिटनमध्ये १८९३ पासून चालत आलेल्या महिला हौशी अजिंक्यपद स्पर्धेत १४४ खेळाडूंना प्रवेश मिळतो आणि ३६ होल्सच्या स्ट्रोक प्लेनंतर (एकूण स्ट्रोक मोजून क्रम लावणाऱ्या खेळानंतर) त्यांतील ६४ जणीच मॅच प्लेपर्यंत (दोघींमधील बाद पद्धतीच्या सामन्यांपर्यंत) पोहोचतात. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की कमी हँडिकॅप असलेल्या खेळाडूला प्राधान्य, हाच अशा ठिकाणी सर्वसाधारण न्याय असतो.

कागदपत्रांत होम क्लबने दिलेले ताजे हँडिकॅप प्रमाणपत्र, ओळखपत्र, जन्मतारखेचा पुरावा, छायाचित्र आणि शुल्क भरल्याची पावती यांची तयारी ठेवावी. अर्जदार अठरा वर्षांखालील असल्यास पालकांचे संमतिपत्रही जोडावे. आपल्याकडे अडचण येते ती नावाची. गुजरातेतील कागदपत्रांत अनेकदा आडनाव आधी लिहिले जाते आणि स्त्रीच्या नावाला ‘बेन’ जोडले जाते. त्यामुळे क्लबच्या वहीत ‘सुनीता जोशी’, आधार कार्डावर ‘जोशी सुनीताबेन’ आणि शाळेच्या दाखल्यावर माहेरचे ‘कुलकर्णी सुनीता माधवराव’, अशी एकाच बाईची तीन नावे होऊन बसतात. अर्जात ओळखपत्रावरील नाव अक्षरशः उतरवावे, हँडिकॅप प्रमाणपत्र त्याच नावाने काढून घ्यावे आणि माहेरच्या नावासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत सोबत ठेवावी. क्लबच्या कार्यालयात ही दुरुस्ती सूचना निघण्यापूर्वीच करून घ्यावी, कारण शेवटच्या आठवड्यात तेथे सगळ्यांचीच कामे आलेली असतात.

अर्ज स्वीकारला गेल्यावर ड्रॉ, म्हणजे खेळाडूंचे वेळापत्रक, प्रसिद्ध होतो आणि त्यात प्रत्येकीची टी ऑफची, म्हणजे पहिल्या टीवरून (होलच्या सुरुवातीच्या जागेवरून) पहिला फटका मारण्याची, वेळ दिलेली असते. ही वेळ अर्जातील कोणत्याही रकान्याइतकीच काटेकोरपणे पाळावी लागते. खेळायला तयार होऊन पहिल्या टीवर पोहोचण्यास पाच मिनिटांपर्यंत उशीर झाल्यास स्ट्रोक प्लेमध्ये दोन स्ट्रोकचा दंड होतो आणि त्याहून जास्त उशीर झाल्यास खेळाडू स्पर्धेतून बाद ठरते. फेरी संपल्यावर कार्ड देण्यापूर्वी स्वतःची आणि मार्करची सही आहे ना, हे पाहावे व प्रत्येक होलचा आकडा पुन्हा तपासावा. प्रत्यक्षापेक्षा जास्त स्ट्रोक लिहिले गेले तर तोच जास्तीचा आकडा धरला जातो. कमी लिहिले गेले तर खेळाडूला बाद करतात.