वायुचलित सँडरचा सुरक्षित वापर

संपीडित हवेच्या जोरावर चालणाऱ्या सँडर या हातयंत्राला घासपेपर लावून लाकूड, पत्रा, फायबर ग्लास, लांबी (पुट्टी) किंवा जुना रंग घासताना कारागिराच्या जिवाला व आरोग्याला अपाय होऊ नये यासाठी पाळावयाच्या पद्धती. गाड्यांची डेंटिंग-पेंटिंग करणारी गॅरेजे, फर्निचरचे कारखाने आणि बोटबांधणीचे यार्ड येथे ही यंत्रे सर्रास दिसतात. विजेच्या सँडरपेक्षा ती हलकी असतात, बराच वेळ चालवूनही तापत नाहीत आणि त्यांच्यात विद्युतप्रवाह नसल्यामुळे पाणी मारून ओली घासाई करतानाही यंत्रातून शॉक लागण्याची भीती नसते. या गुणांमुळे ही यंत्रे निर्धोक आहेत असा समज अनेक ठिकाणी रुजला आहे आणि तो चुकीचा आहे, कारण येथे धोका हवेच्या दाबात आणि उडणाऱ्या धुळीत असतो.

बहुतेक सँडरमध्ये पात्यांची मोटर असते. दंडगोल पोकळीत मध्यापासून थोडा सरकवून बसवलेल्या रोटरच्या (फिरत्या भागाच्या) खाचांत सरकती पाती असतात. दाबाची हवा त्यांना ढकलते आणि रोटर फिरतो. म्हणजेच यंत्राचा वेग मुख्यतः आत येणाऱ्या हवेवर ठरतो. नेहमीच्या वापरातील १५० मिमी पॅडचा ड्युअल ॲक्शन (पॅड स्वतःभोवती फिरत लहान वर्तुळातही हलणारा) सँडर सुमारे ६.२ बार, म्हणजे ९० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाबासाठी बनवलेला असतो आणि भार नसताना त्याचा वेग मिनिटाला १०,००० ते १२,००० फेऱ्यांच्या घरात जातो. यंत्र मंद चालू लागले की रेग्युलेटर (दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह) वाढवून दाब चढवण्याची सवय यामुळेच घातक आहे. मंदपणाचे कारण बहुधा अरुंद किंवा फार लांब होस (हवेची नळी), तुंबलेला फिल्टर, झिजलेली पाती किंवा अपुरा कॉम्प्रेसर हे असते. सँडर सतत आणि भरपूर हवा खातो, त्यामुळे टायरमध्ये हवा भरायला पुरणारा लहान कॉम्प्रेसर त्याला पुरत नाही. दाब टाकीवरील काट्यावर न पाहता, ट्रिगर दाबलेला असताना यंत्राच्या तोंडाशी मोजावा. पॅडवर व डिस्कवर छापलेली कमाल वेगमर्यादा यंत्राच्या मोकळ्या वेगापेक्षा जास्त असलीच पाहिजे, आणि सँडरला ग्राइंडिंगचे चाक कधीही लावू नये. पॅड पृष्ठभागावर टेकवून मगच ट्रिगर दाबावा, म्हणजे मोकळ्या वेगाने फिरणारा पेपर कामात खड्डा पाडत नाही.

पेपर बदलण्यापूर्वी हवेचा व्हॉल्व्ह बंद करून, ट्रिगर दाबून लाइनमधील उरलेली हवा सोडून, मग यंत्र होसपासून सुटे करावे. चालू लाइनवर चुकून ट्रिगर दाबला गेला तर बोटे पॅडखाली असतात. दाबाखालील होस कपलिंगमधून (जोडातून) निसटला तर तो सापासारखा उसळून जोराचा फटका मारतो, म्हणून क्लिप, कपलिंग आणि होसवरील भेगा रोज तपासाव्यात. हवेतील पाणी व गंज मोटरमध्ये जाऊ नये यासाठी लाइनवर वॉटर ट्रॅप (हवेतील पाणी अडवणारा सापळा) असावा, कॉम्प्रेसरच्या टाकीतील पाणी रोज काढावे आणि यंत्राच्या हवेच्या तोंडात वायुयंत्रांसाठीच्या तेलाचे काही थेंब सोडावेत. हवेऐवजी ऑक्सिजनचा सिलिंडर जोडणे म्हणजे स्फोटाला निमंत्रण होय. त्याचप्रमाणे हीच हवा अंगावरची धूळ झटकायला वापरू नये. जखमेतून शरीरात शिरलेली हवा रक्तवाहिनी अडवू शकते, आणि हवेचा झोत डोळा किंवा कानाचा पडदा फाडू शकते. सहकाऱ्याच्या गुदद्वाराशी होस धरण्याच्या तथाकथित मस्करीत आतडी फाटून भारतातील कारखान्यांतही कामगार दगावले आहेत. अमेरिकेच्या औद्योगिक सुरक्षा नियमांत यंत्रे वा जागा हवेने साफ करायची तर दाब ३० पीएसआयच्या खाली आणण्याची अट आहे.

सर्वांत मोठे आणि सर्वांत उशिरा उमगणारे नुकसान धुळीचे असते. ज्या कणांचा ढग डोळ्यांना दिसतो त्यांपेक्षा न दिसणारे बारीक कण फुप्फुसात खोल जातात, आणि सँडरच्या एक्झॉस्टमधून सुटणारी हवा खाली बसलेली धूळ पुन्हा उडवते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला. हार्डनर (रंग कडक करणारे रसायन) मिसळलेला पीयू (पॉलियुरेथेन) रंग पूर्ण वाळण्यापूर्वी घासल्यास धुळीबरोबर हार्डनरमधील आयसोसायनेट हे रसायन उडते आणि त्यामुळे कायमचा दमा जडू शकतो. जुन्या इमारतींच्या दारेखिडक्यांवरील रंगात शिसे असण्याची शक्यता गृहीत धरावी: घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारे २०१६ चे भारतीय नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले, तेव्हा त्याआधीचा थर तपासल्याशिवाय कोरडा घासू नये.

उपाय धूळ उगमापाशीच ओढण्याचा आहे. पॅडला भोके असलेले आणि स्वतःच्या एक्झॉस्टच्या झोतावर धूळ पिशवीत ओढणारे सँडर मिळतात; कायम काम असलेल्या ठिकाणी मध्यवर्ती व्हॅक्यूमला जोडलेली यंत्रे अधिक परिणामकारक ठरतात. मास्क हा त्यानंतरचा बचाव आहे. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक कण अडवत नाही. आयएस ९४७३ या भारतीय मानकानुसार एफएफपी२ (बारीक कण गाळणाऱ्या मास्कचा एक दर्जा) किंवा वरच्या दर्जाचा, नाकाशी घट्ट बसणारा मास्क लागतो, आणि दाढी असल्यास तो नीट बसत नाही. ॲल्युमिनियमची बारीक धूळ हवेत स्फोटक असते. ती आणि पोलादाची धूळ एकाच पिशवीत गोळा केल्यास एका ठिणगीने पेट घेऊ शकते, म्हणून त्यांची ओढयंत्रणा वेगळी व अर्थिंग केलेली असावी.

कंपन व आवाजाचा त्रास वर्षानुवर्षांच्या कामानंतर दिसतो. बोटांतील रक्तप्रवाह आकसून ती पांढरी पडणे, मुंग्या येणे आणि पकड सैल होणे ही लक्षणे सुरुवातीला थंडीत जाणवतात. प्रसरण पावून गार झालेली एक्झॉस्टची हवा हातावर येत असेल तर ती बळावतात. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात आठ तासांच्या कामासाठी हाताच्या कंपनाची कृतिमर्यादा (जिच्यापुढे उपाय करावे लागतात) २.५ आणि कमाल मर्यादा ५ मीटर प्रति सेकंद वर्ग अशी ठरवलेली आहे. पॅडचे वजन यंत्राच्या तोलाशी जुळवलेले असल्याने दुसऱ्या मापाचा, जड किंवा फाटका पॅड लावला की कंपन एकदम वाढते. यंत्र जोरात दाबून धरल्यासही हाताला अधिक हादरे बसतात आणि काम मात्र मंदावते. धारदार पेपर, यंत्राच्या वजनाइतकाच दाब आणि कामगारांची पाळीपाळीने अदलाबदल यांनी हा भार कमी होतो. कानात प्लग वा मफ, डोळ्यांवर बाजूंनी बंद चष्मा, आणि ओढणी, सैल बाही किंवा मोकळे केस फिरत्या पॅडपाशी येणार नाहीत असा पेहराव यंत्र हाती घेण्यापूर्वीच असावा.