शेवट ठाऊक असलेल्या नाताळच्या प्रेमकथा

डिसेंबर लागला की मुंबईतल्या कितीतरी मराठी घरांत रात्रीची जेवणं आटोपल्यावर ओटीटीवर एखादा अमेरिकन नाताळपट लागतो. करिअरच्या मागे लागलेली नायिका सणासाठी गावी येते, तिथं तिला बेकरी सांभाळणारा देखणा तरुण भेटतो. शेवटाच्या जरा आधी गैरसमज होतो आणि बर्फ भुरभुरू लागेतो तो मिटतोही. सगळं आधीच कळतं, तरी कुणी उठत नाही. त्यामागे बरीच जुनी गोष्ट आहे.

मूळ शुभेच्छापत्रांच्या धंद्यात आहे. १९१० साली १८ वर्षांचा जॉइस हॉल बुटांच्या दोन खोक्यांत पोस्टकार्डं भरून कॅन्सस सिटीला आला आणि त्यातून हॉलमार्क कंपनी उभी राहिली. २४ डिसेंबर १९५१ च्या रात्री एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर खास टीव्हीसाठी लिहिलेला, जियान कार्लो मेनोत्ती यांचा ऑपेरा, म्हणजे गाण्यांतून रंगणारं नाटक, झाला. त्याची प्रायोजक हीच कंपनी होती. 'हॉलमार्क हॉल ऑफ फेम' या दीर्घकाळ चाललेल्या मालिकेची ती सुरुवात. कार्ड विकणाऱ्याला सणाच्या दिवसांत घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवायचं होतं. आजीपासून नातवापर्यंत कुणालाच खुपणार नाही अशी गोष्ट ही त्याची गरजच होती. २००१ मध्ये कंपनीची स्वतःची वाहिनी आली, २००९ पासून ती नाताळपटांचा खास हंगाम करू लागली आणि २०१९ च्या एका हंगामात कंपनीच्या दोन वाहिन्यांवर मिळून तब्बल ४० नवे चित्रपट आले.

इतकं काम उरकायचं तर साचा लागणारच. चित्रीकरण साधारण तीन आठवड्यांत संपतं. बरंचसं कॅनडात होतं, कारण तिथं करसवलत मिळते. पुष्कळदा ते भर उन्हाळ्यात चालतं. अंगावर लोकरी कोट, गळ्यात मफलर, आजूबाजूला खोटा बर्फ, आणि नटांनी थंडीनं कुडकुडायचं. कथेचे तुकडे जाहिरातींच्या वेळा बघून पाडलेले. लेखक-दिग्दर्शकाला हलायला फारशी जागाच उरत नाही. उरतात ते दोन चेहरे आणि त्यांच्यातलं गोड अवघडलेपण. माझ्या मते या प्रकाराचा सगळा जीव तिथंच आहे.

वाहिनीनं ते फार लवकर ओळखलं. कँडेस कॅमेरॉन ब्युरे, डॅनिका मॅककेलर, लेसी शाबेर या तिच्या त्या काळच्या हुकमी नायिका ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या कौटुंबिक मालिकांत मुली म्हणून दिसलेल्या. प्रेक्षकांनी त्यांना डोळ्यांसमोर वाढताना पाहिलं होतं. ओळखीच्या मुलीचं चांगलं व्हावं असं वाटायला पटकथेची फार मदत लागत नाही.

हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. 'उत्तर रामायणा'तला कुश आणि नंतरचा किशोर कृष्ण म्हणून घराघरांत पोचलेला स्वप्नील जोशी २०१० मध्ये मुक्ता बर्वेसोबत 'मुंबई-पुणे-मुंबई'त आला. मुंबईची मुलगी, पुण्याचा मुलगा, एक दिवस आणि नुसत्या गप्पा. शेवट पहिल्या काही मिनिटांतच दिसतो, पण मुक्ताच्या तुटक उत्तरांवरून आणि स्वप्नीलच्या खट्याळ चिकाटीवरून नजर हटत नाही. २०१२ मध्ये हीच जोडी झी मराठीवर 'एका लग्नाची दुसरी गोष्ट'मध्ये आली. सोयीसाठी केलेल्या लग्नातून प्रेम फुलणार, हे कुणापासून लपलं होतं?

आपल्याकडे सणाचा स्वतंत्र टीव्हीपट मात्र रुजला नाही. आपल्या मालिका रोजच्या असतात. गुढीपाडवा, मंगळागौर, दिवाळी त्यांच्याच महाएपिसोडात साजरी होते. त्यात नाताळ क्वचितच येतो. वसईच्या वाड्यांत आणि गिरगावच्या खोताच्या वाडीत मराठी बोलणारी ख्रिस्ती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या नाताळ करत आली आहेत. तिथली एखादी साधी, शेवट ठाऊक असलेली प्रेमकथा आणि दोन गोड नट, एवढं कुणीतरी करायला हवं. खोट्या बर्फाचा खर्चही वाचेल.