पर्वतीय राष्ट्रीय उद्यानांतील वन्यजीव निरीक्षण सहली : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या मार्गदर्शित सहलीसाठी नाव नोंदवण्यापूर्वी हे माहितीपत्रक संपूर्ण वाचावे, अशी आपणांस विनंती आहे. डोंगरात वन्यप्राणी पाहणे प्रत्यक्षात कसे असते, त्यासाठी शरीराची आणि सामानाची कोणती तयारी लागते आणि आमचे मार्गदर्शक काही गोष्टींना ठाम नकार का देतात, हे यात सांगितले आहे.

प्राणी दुरूनच का पाहायचे

दाट जंगलात प्राणी दिसतो तो बहुधा अचानक आणि जवळून. उंच पर्वतांत झाडी विरळ होत जाते आणि वृक्षरेषेच्या, म्हणजे जिच्यापुढे झाडे वाढत नाहीत त्या उंचीच्या, वर तर समोरचा संपूर्ण उतार उघडा पडतो, त्यामुळे तेथे एक-दोन किलोमीटरवरचा प्राणीही दुर्बिणीतून पाहता येतो. आपल्या आणि प्राण्याच्या मध्ये एक अख्खी दरी असणे ही अडचण नसून मोठी सोय आहे, असे आम्ही मानतो. आपली चाहूल न लागलेला प्राणी चरतो, पिलांना पाजतो, झोपतो, भांडतो. चाहूल लागलेला प्राणी केवळ आपल्याकडे पाहत राहतो किंवा निघून जातो. म्हणून आमच्या सहलींत दिवसाचा बराचसा वेळ चालण्यापेक्षा एखाद्या सोंडेवर बसून समोरचे कडे आणि घळी न्याहाळण्यात जातो.

हे न्याहाळणे शिकावे लागते आणि ते शिकवणे हा मार्गदर्शकाच्या कामाचा मुख्य भाग आहे. उताराचे मनातल्या मनात आडवे पट्टे पाडून एकेक पट्टा सावकाश तपासला जातो आणि थोड्या वेळाने तेच पट्टे पुन्हा पाहिले जातात, कारण खडकाआड झोपलेला प्राणी मधल्या वेळात उठलेला असू शकतो. हिमबिबट्याचा रंग खडकात इतका मिसळून जातो, की स्थिर बसलेला हिमबिबट्या अनुभवी डोळ्यांनाही चकवतो. पुष्कळदा प्रथम दिसते ती त्याची सुमारे मीटरभर लांबीची शेपटी. त्याहून खात्रीची खूण इतर प्राणी देतात. चरणाऱ्या भरलांचा (हिमालयातील रानमेंढ्यांसारखे प्राणी) कळप एकाएकी थबकून एकाच दिशेला पाहू लागला, मार्मोटांच्या (बिळात राहणारे, खारीच्या कुळातील मोठे प्राणी) शिट्या सुरू झाल्या किंवा कावळे आणि गिधाडे एकाच जागी उतरू लागली, तर मार्गदर्शक लगेच तिकडे दुर्बीण वळवतात.

वाऱ्याचाही विचार करावा लागतो. ऊन चढू लागले की तापलेल्या उतारावरची हवा वर सरकते आणि सूर्य मावळल्यावर थंड, जड झालेली हवा दरीकडे उतरते. प्राण्याला आपला वास मिळू नये, तर दिवसा त्याच्या वरच्या बाजूला आणि पहाटे किंवा सायंकाळी खालच्या अथवा पलीकडच्या बाजूला थांबणे इष्ट ठरते. एखाद्या दिवशी मार्गदर्शकाने जवळची वाट सोडून लांबचा वळसा घेतला, तर त्यामागे बहुधा हेच कारण असते.

किती अंतर ठेवावे, याचे किमान नियम अनेक उद्यानांनी घालून दिले आहेत. अमेरिकेतील यलोस्टोनमध्ये अस्वल आणि लांडगा यांच्यापासून किमान १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर, आणि इतर बहुतेक मोठ्या प्राण्यांपासून २५ यार्ड, म्हणजे सुमारे २३ मीटर, दूर राहणे बंधनकारक आहे. रवांडाच्या व्होल्केनोज राष्ट्रीय उद्यानात एका गोरिला कुटुंबाला दिवसातून जास्तीत जास्त आठ पर्यटकांचा एकच गट एक तास भेट देऊ शकतो आणि आजारी व्यक्तीला सोबत नेले जात नाही, कारण माणसाच्या साध्या सर्दीचा संसर्गही गोरिलांना घातक ठरू शकतो. अशा काटेकोर देखरेखीचा आणि दीर्घ संरक्षणाचा परिणाम म्हणून पर्वतीय गोरिलांची संख्या एक हजाराच्या वर गेली आणि २०१८ मध्ये धोक्यातील प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्यांना ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गातून ‘संकटग्रस्त’ या वर्गात आणण्यात आले.

मात्र नियमातील आकडा ही किमान मर्यादा आहे, परवानगी नव्हे. प्राण्याने चरणे थांबवले, मान वर केली, कान आपल्याकडे वळवले किंवा पिलांना जवळ घेतले, तर नियमाप्रमाणे अंतर पुरेसे असले तरी आपण त्याच्या फार जवळ आलो आहोत, असे समजून आमचा गट मागे येतो. हिवाळ्यात याचे महत्त्व फारच वाढते. खोल बर्फातून धावणे अत्यंत श्रमाचे असते, चारा जेमतेम असतो आणि आयबेक्स, शॅमॉय यांसारखे डोंगरी शेळ्यांसारखे प्राणी उन्हाळ्यात साठवलेल्या चरबीवर तग धरून असतात. अशा दिवसांत त्यांना पुन्हा पुन्हा पळायला लावणे म्हणजे वसंतापर्यंत पुरवायची शिदोरी हिसकावून घेणे होय. इटलीतील ग्रान पारादीसो या परिसरात एकेकाळी आल्प्समधील आयबेक्स शेवटचे उरले होते. तेथील राजाने १८५६ मध्ये तो परिसर स्वतःच्या शिकारीसाठी राखून ठेवला, १९२२ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि पुढे तेथूनच हा प्राणी आल्प्समध्ये ठिकठिकाणी परत नेण्यात आला. इतक्या कष्टाने वाचलेल्या प्राण्याला एका छायाचित्रासाठी पळवणे आम्हाला मान्य नाही.

दर्शनाची हमी आम्ही देत नाही

२०२४ मध्ये जाहीर झालेल्या अंदाजानुसार भारतात ७१८ हिमबिबटे आहेत आणि त्यांपैकी ४७७ लडाखमध्ये आहेत. लडाखचे क्षेत्र सुमारे ५९ हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे सरासरी काढली तर एका प्राण्यामागे सव्वाशे चौरस किलोमीटरच्या आसपास मुलूख येतो. लडाखमधील हेमिस राष्ट्रीय उद्यानातील सहली आम्ही जानेवारी ते मार्च या काळात ठेवतो, कारण तेव्हा भरल खालच्या उतारांवर आलेले असतात, त्यांच्यामागे हिमबिबट्याही उतरतो आणि मीलनाचा हंगाम असल्याने त्याची हाक ऐकू येण्याचा संभवही अधिक असतो. तरीही तो दिसेलच, असे वचन प्रामाणिक माणूस देऊ शकत नाही. ज्यांना खात्रीचे आणि दीर्घ निरीक्षण हवे असेल, त्यांना आम्ही इथिओपियातील सिमियन पर्वत सुचवतो. तेथे गवत खाणाऱ्या गेलाडा माकडांचे मोठे कळप कड्यांलगतच्या पठारांवर दिवसभर चरताना दिसतात.

प्राण्यांना आमिष दाखवणे, ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्यांना बोलावणे, ड्रोन उडवणे आणि गुहेजवळ किंवा घरट्याजवळ जाणे यांपैकी काहीही आमच्या सहलीत केले जात नाही, मग ग्राहकाने कितीही आग्रह धरला तरी. उद्यान एखाद्या काळात बंद असेल, तर आम्ही सहल पुढे ढकलतो. केरळमधील एरविकुलममध्ये निलगिरी ताहर या रानशेळीसारख्या प्राण्याच्या विणीच्या काळात, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, पर्यटकांना प्रवेश नसतो आणि तसा तो नसावा, असेच आमचेही मत आहे.

उंची आणि थंडी

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि तेथे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे दोन-तृतीयांशच असतो. अशा ठिकाणी विमानाने पोहोचल्यावर पहिले दोन दिवस आम्ही केवळ विश्रांतीसाठी ठेवतो आणि ते वगळण्याची विनंती मान्य करत नाही. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये, हा नियम आम्ही पाळतो. उत्तम व्यायाम असलेली तरुण व्यक्तीही कमी प्राणवायूमुळे होणाऱ्या उंचीच्या त्रासापासून सुरक्षित नसते. किंबहुना अशा व्यक्ती घाई करतात आणि लक्षणे लपवतात, म्हणून त्यांच्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते. डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे, झोप न लागणे यांपैकी काहीही जाणवल्यास ते त्वरित मार्गदर्शकाला सांगावे. बसल्या जागी धाप लागणे, तोल जाणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे ही गंभीर लक्षणे असून अशा वेळी रात्र असली तरी रुग्णाला खाली नेले जाते.

थंडीविषयी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. चालताना पुरेसे वाटणारे कपडे दोन तास स्थिर बसल्यावर मुळीच पुरत नाहीत. अंगालगत सुती कपडा नको, कारण तो घामाने ओला होतो आणि लवकर वाळत नाही. लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर, त्यावर उबदार थर आणि सर्वांवर वारा अडवणारे जाकीट अशी योजना असावी. बसण्यासाठी जाड फोमचा तुकडा आणावा. दुर्बीण ८×४२ मापाची असावी, म्हणजे प्रतिमा आठपट मोठी होते आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर असल्याने पहाटेच्या अंधुक उजेडातही स्पष्ट दिसते. याहून बरीच अधिक पटीची दुर्बीण हाताच्या कंपामुळे फारशी उपयोगी पडत नाही. ते काम तिकाटण्यावर बसवलेला स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने पाहायची मोठी दुर्बीण, करतो आणि तो आम्ही प्रत्येक गटाला देतो.

छायाचित्रे आणि नोंदणी

काढलेली छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकताना फोनमधील स्थाननोंद बंद ठेवावी आणि घळीचे किंवा कड्याचे नाव लिहू नये, कारण ती माहिती शिकाऱ्यांपर्यंतही पोहोचते. अस्वलांचा वावर असलेल्या उद्यानांत गटापासून वेगळे होऊ नये आणि अस्वल समोर आल्यास धावू नये; पुढच्या सूचना मार्गदर्शक त्या क्षणी देतील.

नोंदणी अर्जासोबत आरोग्याविषयीचा तक्ता भरून द्यावा. हृदयविकार, फुप्फुसांचे विकार, रक्तदाब, गर्भारपण, पूर्वी झालेला उंचीचा त्रास आणि चालू असलेली औषधे यांची माहिती त्यात द्यावी. ३,००० मीटरपेक्षा उंच मुक्काम असलेल्या सहलींसाठी डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा आणि उंचीसाठीचे कोणतेही औषध स्वतःहून सुरू करू नये. गुडघ्यांचा त्रास असल्यास तोही कळवावा. अशा ग्राहकांसाठी वाहन जाऊ शकेल अशा रस्त्यालगतच्या निरीक्षणाच्या जागा निवडता येतात आणि तेथून होणारे निरीक्षण कमी प्रतीचे नसते.