बाया मारेचा बांध का फुटला?

३० जानेवारी २००० च्या रात्री रोमानियाच्या वायव्य भागात, बाया मारे या खाणींच्या शहराजवळ, सोन्याच्या कारखान्याचा गाळतलाव, म्हणजे उरलेला गाळ आणि पाणी साठवणारा तलाव, फुटला. सुमारे एक लाख घनमीटर पाणी बाहेर पडले आणि त्यासोबत ५० ते १०० टन सायनाइड, शिवाय तांब्यासारखे जड धातू. लापुश, सोमेश, टिसा आणि डॅन्यूब या नद्यांतून प्रवास करत हे पाणी जवळपास चार आठवड्यांनी काळ्या समुद्राशी पोहोचले. या घटनेची ओळख ‘सायनाइडची दुर्घटना’ अशी झाली. बांधाकडे नीट पाहिले तर मात्र ती आधी पाण्याच्या हिशेबाची दुर्घटना होती.

कारखाना ऑरुल या कंपनीचा होता. तिच्यात ऑस्ट्रेलियाची एस्मेराल्डा एक्सप्लोरेशन आणि रोमानियाची सरकारी रेमिन यांची भागीदारी होती. जुन्या खाणींतून उरलेला, शहरालगत साचलेला गाळ पुन्हा धुवायचा आणि त्यातले उरलेसुरले सोने काढायचे, हे तिचे काम. वस्तीजवळचा धुळीचा ढीग हलणार होता, त्यामुळे कल्पना वाईट नव्हती.

सोडियम सायनाइडचे पातळ द्रावण हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने सोने विरघळवते. त्यासाठी चुना टाकून सामू (पीएच) साडेदहाच्या आसपास ठेवावा लागतो. तो ९.२ वर आला, की निम्मे मुक्त सायनाइड (धातूंशी न बांधलेले) हायड्रोजन सायनाइडच्या रूपात जाते आणि हा विषारी वायू हवेत निसटू लागतो. सोने काढून घेतल्यावर उरलेला राडा तलावात जातो. तिथे गाळ तळाला बसतो, वरचे पाणी पंपाने परत कारखान्यात येते आणि त्यातले सायनाइड पुन्हा वापरले जाते. पाणी बाहेर सोडायचेच नाही, अशी ही बंदिस्त रचना होती. कागदावर ती अतिशय स्वच्छ दिसते.

पण आभाळ बंदिस्त नसते. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा घनमीटर पाणी. तलाव ९३ हेक्टरांचा. त्या दिवशी सुमारे ३५ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे केवळ पावसाचे ३२,५०० घनमीटर. त्याखाली साचलेला बर्फ वितळत होता, त्याचे पाणी वेगळे. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने थोडे तरी ओझे उतरते. जानेवारीत तेही नाही. जादा पाणी सुरक्षित बाहेर काढायला सोय नव्हती आणि ते साठवायला दुसरा तलावही नव्हता.

दुसरी चूक बांधाच्या घडणीत होती. सुरुवातीला ठेंगणा भराव घालायचा आणि पुढची उंची गाळातल्याच वाळूने वाढवत न्यायची, अशी योजना होती. हे काम हायड्रोसायक्लोन करतो. शंकूच्या आकाराच्या या भांड्यात राडा जोराने फिरतो, जाड कण कडेला फेकले जाऊन खालच्या तोंडातून बांधावर पडतात आणि बारीक गाळ पाण्याबरोबर वरून तलावात जातो. म्हणजे तलाव भरण्याच्या वेगापेक्षा बांध चढण्याचा वेग जास्त हवा. इथे गाळ अपेक्षेपेक्षा बारीक निघाला, त्यामुळे वाळू कमी पडली. त्यात भर म्हणून कडाक्याच्या थंडीत सायक्लोनचे काम अडले. बांधाची उंची वाढेना आणि तलाव मात्र भरत राहिला. पाण्याची पातळी आणि बांधाचा माथा यांतली मोकळी उंची संपली. वाळूच्या भिजलेल्या बांधावरून पाणी वाहू लागले, की ते वाळू घेऊनच जाते. सुमारे २५ मीटरचे भगदाड पडले.

मुक्त सायनाइड लिटरला ०.०५ मिलिग्रॅम असले तरी कित्येक मासे तगत नाहीत. रोमानियातल्या साटू मारे येथे सोमेशच्या पाण्यात एकूण सायनाइड (मुक्त आणि धातूंशी बांधलेले मिळून) लिटरला ७.८ मिलिग्रॅम आढळले. सायनाइड पेशीतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजला, म्हणजे ऑक्सिजन वापरणाऱ्या विकराला, चिकटते. रक्तात ऑक्सिजन असतो, पण पेशीला तो वापरता येत नाही. म्हणून अशा माशांचे कल्ले लालभडक दिसतात. एकट्या हंगेरीने १,२४० टन मासे मेल्याचा अंदाज दिला.

हंगेरीने एक शहाणपणाचे काम केले. टिसा नदीवरच्या किश्कोरे धरणाच्या दारांचे नियोजन करून विषारी लोंढा मुख्य पात्रातच ठेवला आणि टिसा सरोवराचे बाजूचे उथळ भाग बऱ्याच अंशी वाचवले. एरवी ऊन, जिवाणू आणि हवेत निसटणे यांमुळे सायनाइड घटते, पण थंडीत हे सगळे मंदावते. ते अन्नसाखळीत साठत जात नाही, म्हणून लोंढा गेल्यावर वरून आलेल्या पाण्याबरोबर सूक्ष्म जीव लवकर परतले. धातूंचे तसे नाही. ते तळच्या गाळात बसून राहतात.

पुढे युरोपीय संघाच्या २००६ च्या खाणकचरा निर्देशाने तलावात सोडायच्या पाण्यातल्या सहज सुट्या होणाऱ्या सायनाइडवर मर्यादा घातली: २००८ पासून दशलक्षात ५० भाग, २०१३ पासून २५ आणि २०१८ पासून १०, नव्या खाणींना सुरुवातीपासूनच १०. ती पाळण्यासाठी बहुधा सल्फर डायऑक्साइड आणि हवा वापरून, तांब्याच्या उत्प्रेरकाने सायनाइडचे कमी विषारी सायनेट करतात. हा नियम आवश्यकच आहे, पण त्याने बांध वाचत नाही. १० मार्च २००० ला त्याच जिल्ह्यात बाया बोर्शाचा गाळतलाव पाऊस आणि बर्फाच्या पाण्याने फुटला आणि जड धातू असलेला सुमारे २०,००० टन गाळ नदीत गेला. सायनाइडच्या मर्यादेने तो अडला नसता. त्यासाठी पुरेशी मोकळी उंची, आणीबाणीचा सांडवा आणि बर्फ वितळण्याचे पाणी धरून केलेला हिशेब लागतो.