शाळेच्या वेळेलाच पोट दुखतं, म्हणजे नाटक?

'सकाळी पोटदुखी, दहा वाजता टणटणीत, म्हणजे पोर नाटक करतंय. दोन रट्टे द्या,' असा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. वेळेचं निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष मात्र चुकतो. भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रेनलिन नावाचं हार्मोन वाढतं, पचन बिघडतं. पोटात खरोखरच कळ येते. परीक्षेआधी आपलंही पोट ढवळायचंच की! शाळा टळली की भीती ओसरते, दुखणंही.

आधी डॉक्टरांना दाखवा. मग दोन आठवडे वहीत वार, तास, दुखणं लिहा. रविवारी संध्याकाळी सुरू होतं? गणिताच्याच दिवशी? मग त्या तासाबद्दल, वर्गातल्या त्रासाबद्दल शांतपणे विचारा. महिनाभर घरी ठेवलं तर मात्र भीती वाढते. वर्गशिक्षकांशी बोलून आधी दोनच तास पाठवून बघा.